घरच्या घरी ब्लूबेरी वाइन: फळ गोठवण्यापासून बाटली भरेपर्यंत

ब्लूबेरी मधोमध कापून पाहा. बाहेरून इतकं गर्द निळं असलेलं हे फळ आतून फिकट, हिरवट पांढरं निघतं. रंग जवळजवळ सगळा सालीत असतो, आणि तुरटपणाही बराचसा साल आणि बियांमध्ये. नुसता रस गाळून घेतला आणि आंबवला, तर हाती येतं ते फिकं, पाणचट काहीतरी. म्हणून ब्लूबेरी सालीसकट आंबवायची, निदान पहिला आठवडाभर तरी.

या फळाची दुसरी खोड अशी, की ते यीस्टला सहजासहजी मानवत नाही. यीस्टला वाढायला नायट्रोजन लागतो आणि ब्लूबेरीत तो फार थोडा असतो. त्यातून फळ बऱ्यापैकी आंबट. द्राक्षाचा रस एका दिवसात फसफसायला लागतो तिथे ब्लूबेरी दोन-तीन दिवस ढिम्म बसून राहू शकते, आणि सुरू झाल्यावरही अर्ध्या वाटेत थांबू शकते. माझी पहिली खेप अशीच 1.042 वर अडकली. हा आकडा रसाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा: साध्या पाण्याचा 1.000, रसात साखर जितकी जास्त तितका तो वर, आणि साखर आंबत गेली की खाली. यीस्ट चांगलं होतं, साखर बरोबर होती, पण यीस्टला नायट्रोजन पुरवणारं पोषक घातलं नव्हतं. दहा दिवस मी बादलीला दुलई गुंडाळून वाट पाहत बसलो. शेवटी ते गोड, चिकट पाणी ओतून द्यावं लागलं. त्यामुळे या लेखात पहिल्या सात दिवसांवर मी बरंच जास्त लिहिणार आहे. नंतरचे महिने मुख्यतः थांबण्याचे असतात.

सुरुवात करण्याआधी एक चौकशी करा. घरी स्वतःपुरती वाइन करण्याबाबतचे नियम जागोजागी वेगळे आहेत. कुठे ठरावीक प्रमाणापर्यंत परवानगी असते, कुठे परवाना लागतो, कुठे पूर्ण बंदी असते. तुम्ही राहता तिथे काय चालतं ते आधी पाहून घ्या. विक्रीचा विषय तर वेगळाच. आणि इथे फक्त आंबवण्याबद्दल लिहिलं आहे. तयार वाइन उकळून तिचं मद्य गाळणं धोक्याचं आहे आणि बहुतेक ठिकाणी बेकायदाही.

काय काय लागेल

खालचं प्रमाण सुमारे 5 लिटर मिश्रणाचं आहे. गाळ वजा जाता 750 मिलिलिटरच्या पाच ते सहा बाटल्या भरतात.

ब्लूबेरी 2 किलो, साखर 900 ग्रॅम, पाणी सुमारे 3 लिटर. पेक्टिक एन्झाइम अर्धा छोटा चमचा, यीस्टचं पोषक सुमारे 5 ग्रॅम, कॅम्पडेन गोळ्या (सल्फाइटच्या, जंतू दडपणाऱ्या) तीन-चार, वाइन यीस्टचं 5 ग्रॅमचं एक पाकीट. आम्लता वाढवायची वेळ आली तर थोडं टार्टरिक आम्ल किंवा तयार आम्ल-मिश्रण. तुरटपणासाठी वाइन टॅनिन पाव चमचा. ते नसेल तर एक कप कडक, बिनदुधाचा काळा चहा चालतो.

भांड्यांमध्ये 10 लिटरची फूड-ग्रेड प्लास्टिकची बादली, नायलॉनची बारीक जाळीची पिशवी, अरुंद तोंडाची साडेचार लिटरची काचेची बरणी, उरलेल्या वाइनसाठी एक लहान बाटली, बुडबुडे बाहेर सोडणारा पण हवा आत न येऊ देणारा एअरलॉक, सायफनची नळी आणि हायड्रोमीटर. यातल्या हायड्रोमीटरवर अजिबात तडजोड करू नका. वाइन कुठवर आली आहे हे बुडबुड्यांवरून कळत नाही. एअरलॉक शांत असूनही आंबणं चालू असू शकतं आणि ते थांबल्यावरही निव्वळ उष्णतेने बुडबुडे येऊ शकतात. खरं काय ते आकडाच सांगतो.

बादली तांब्याची, पितळेची, लोखंडाची नको. आंबट रस या धातूंना खातो. स्टेनलेस स्टील चालेल.

यीस्टबद्दल: ईसी-1118 हे चिवट यीस्ट आहे. अवघड परिस्थितीतही काम पूर्ण करतं, पण फळाचा वास थोडा मागे ढकलतं. 71बी फळाचा सुगंध चांगला राखतं आणि मॅलिक आम्लाचा काही भाग खाऊन आंबटपणा मऊ करतं. पहिल्यांदाच करत असाल तर ईसी-1118 घ्या, हात बसल्यावर 71बी. पावाच्या यीस्टनेही दारू होते, पण ते लवकर दमतं, गाळ घट्ट बसत नाही आणि वाइनला पावाचा वास राहतो.

फळ: निवडा, धुवा, गोठवा

बुरशी लागलेलं, पिचलेलं, आंबूस वास येणारं प्रत्येक फळ बाजूला काढा. देठ काढा. सालीवर जो पांढरट मेणासारखा थर दिसतो तो नैसर्गिक असतो, तो खरवडायची गरज नाही. गार पाण्यात धुऊन निथळा आणि कमीत कमी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. गोठताना पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. मग फळ वितळलं की हाताच्या दाबानेच रस आणि रंग सुटतो. बाजारातून गोठवलेलीच ब्लूबेरी आणली असेल तर ही पायरी आपोआप झालेली असते, आणि वाइनसाठी ती ताज्या फळाइतकीच चांगली.

लहान फळ मिळालं तर मी तेच घेतो. फळ जितकं लहान तितकी वजनाच्या मानाने साल जास्त, म्हणजे रंगही जास्त. आज मिळणारी टपोरी ब्लूबेरी ही तशी अलीकडची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी जंगली झुडपांतून निवड करत लागवडीचं पीक उभं केलं आणि 1916 मध्ये त्याचा पहिला माल विकला. त्याआधी लोक खात ती रानातली. ती लहान आणि चवीला जास्त ठसठशीत असते.

फळ शिजवू मात्र नका. उष्णतेने पेक्टिन मोठ्या प्रमाणात सुटतं, वाइन गढूळ राहते आणि ताज्या फळाऐवजी मुरंब्याचा वास येतो.

स्वच्छता

वाइनला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुवा, मग निर्जंतुक करा. ही दोन वेगळी कामं आहेत. घाण असलेल्या भांड्यावर जंतुनाशक नीट काम करत नाही. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट विरघळवून त्याने भांडी खंगाळली तरी पुरतं. त्याची वाफ नाकाला झोंबते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावं. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. त्याचे अंश राहिले तर वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येऊ शकतो.

पहिला दिवस

फळ पूर्ण वितळू द्या. जाळीची पिशवी बादलीत पसरून फळ त्यात ओता, तोंड बांधा आणि स्वच्छ हातांनी चुरा. मिक्सर लावू नका, कारण बिया फुटल्या की कडवटपणा उतरतो. चुरताना आधी गुलाबी, मग जांभळा आणि शेवटी जवळजवळ काळा रस बोटांमधून निघायला लागतो. तेवढं झालं की थांबा.

लिटरभर पाणी गरम करून त्यात साखर विरघळवा. कोमट झाल्यावर बादलीत ओता. उरलेलं पाणी गारच घाला. आता एक कॅम्पडेन गोळी कुटून, थोड्या पाण्यात विरघळवून मिसळा. तिच्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड फळावरचे रानटी यीस्ट आणि जिवाणू दडपतो. हा वायू उडून जायला हवा, म्हणून बादलीवर घट्ट झाकण न लावता स्वच्छ कापड बांधा.

बारा तासांनी पेक्टिक एन्झाइम ढवळून घाला. ते पेक्टिन तोडतं, रस जास्त सुटतो आणि पुढे वाइन निवळते. गोळीबरोबर लगेच घातलं तर सल्फाइटमुळे त्याचं काम मंदावू शकतं, म्हणून हे अंतर.

चोवीस तासांनी मोजमाप. थोडा रस गाळून उंच नळीत घ्या, हायड्रोमीटर सोडा आणि अलगद फिरवा, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतील. आकडा 1.080 ते 1.090 च्या दरम्यान हवा. हिशेब साधा आहे: लिटरमागे साधारण 17 ते 18 ग्रॅम साखरेतून 1 टक्का अल्कोहोल. दोन किलो फळातून सुमारे 200 ग्रॅम साखर येते, त्यात आपली 900, म्हणजे 5 लिटरमध्ये 1100 ग्रॅम, लिटरमागे 220. त्यातून सुमारे 12 टक्क्यांची वाइन होते. फळ गोड असेल तर आकडा वर जाईल. तेव्हा थोडं पाणी घाला, पण 1.095 च्या पुढे जाऊ देऊ नका. जास्त साखर हाही यीस्टवरचा भारच आहे, आणि या फळात तो परवडत नाही.

पीएच पट्टीने आम्लता पाहा. पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त. 3.3 ते 3.5 चांगला. पाणी घातल्यामुळे तो वर गेला असेल तर आम्ल एकेक ग्रॅम करून घाला, ढवळा, पुन्हा मोजा. टॅनिनही आत्ताच.

पीएचवर मी इतका भर का देतो ते एका गोष्टीवरून कळेल. जांभळी डागाळलेली बादली मी एकदा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भरून ठेवली. दोन मिनिटांत ते पाणी निळं आणि मग हिरवट झालं. त्यातच व्हिनेगरची धार सोडली, तर पुन्हा लाल. ब्लूबेरीतलं रंगद्रव्य, म्हणजे अँथोसायनिन, आम्लात लाल आणि अल्कलीत निळं-हिरवं दिसतं. म्हणूनच चांगली ब्लूबेरी वाइन निळी नसते, माणकासारखी लालसर जांभळी असते. वाइन मळकट निळसर दिसायला लागली तर पीएच वर सरकला आहे असं समजा आणि मोजा. पीएच चढलेली वाइन टिकायलाही कच्ची असते.

यीस्ट

अर्धा कप स्वच्छ पाणी 35 ते 40 अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करा, त्यावर यीस्ट भुरभुरा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. मग त्यात बादलीतला रस चमचा-चमचा करत मिसळा. बादली गार आणि यीस्ट कोमट असेल तर त्याला एकदम झटका बसतो. दोन्हींच्या तापमानात 10 अंशांहून जास्त फरक नको. फळ फ्रीझरमधून आलं आहे हे विसरू नका. वरवर वितळलेलं वाटलं तरी पिशवीच्या पोटात गार गोळा असतो.

मी याहून सावकाश जातो. यीस्ट जागं झालं की त्यात तेवढाच रस घालतो, तासाभराने तो फेसाळला की पुन्हा तेवढाच, आणि असं तीन-चार वेळा झाल्यावर ते जोमदार विरजण बादलीत ओततो. अर्धा दिवस जातो, पण हे विरजण एकदा रसाला सरावलं की दोन-तीन दिवस ताटकळावं लागत नाही.

खोलीचं तापमान 18 ते 24 अंश असावं. 30 च्या वर यीस्ट घाईत नको ते वास सोडतं, आणि 15 च्या खाली फार मंदावतं.

पोषकाचे दोन हप्ते करा. पहिला अर्धा आंबणं सुरू झालेलं दिसल्यावर, म्हणजे साधारण यीस्ट घातल्याच्या दुसऱ्या दिवशी. दुसरा अर्धा आकडा एक तृतीयांश उतरल्यावर, सुमारे 1.055 ला. त्यानंतर घालू नका. अल्कोहोल वाढल्यावर यीस्टला नायट्रोजन नीट घेता येत नाही आणि उरलेलं पोषक बिघाड करणाऱ्या जिवाणूंच्या कामी येतं. पोषक टाकताना आधी थोड्या पाण्यात विरघळवा. कोरडी पूड फसफसत्या बादलीत टाकली तर सगळा फेस उसळून जमिनीवर येतो.

ढवळण्याचे दिवस

फसफस सुरू झाली की कार्बन डायऑक्साइड सालींची पिशवी वर ढकलतो. ती वर कोरडी राहिली तर बुरशी धरते आणि रंगही उतरत नाही. दिवसातून दोनदा निर्जंतुक केलेल्या चमच्याने ती खाली दाबा आणि सगळं मिश्रण जोरात ढवळा. पहिल्या तीन-चार दिवसांत हवा आत गेलेली चांगलीच, कारण यीस्टला पेशी वाढवायला प्राणवायू लागतो. आकडा 1.030 च्या आसपास आला की मात्र हात हलका करा. इथून पुढे हीच हवा वाइनची वैरी होते.

या दिवसांत वास घेत राहा. पिकलेल्या फळाचा आणि ताज्या पावाचा वास म्हणजे सगळं ठीक. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर यीस्ट उपाशी आहे. पोषकाचा हप्ता बाकी असेल तर तो द्या आणि जोरात ढवळा. लवकर लक्षात आलं तर हा वास जातो. दुर्लक्ष केलं तर वाइनमध्ये मुरतो आणि मग काढणं फार कठीण. झोंबरा, व्हिनेगरसारखा वास आला तर माश्या शोधा. फळमाशी पायाला व्हिनेगरचे जिवाणू घेऊन फिरते, म्हणून कापड दोरीने घट्ट बांधलेलं हवं.

बहात्तर तासांत काहीच हालचाल नसेल तर आधी हायड्रोमीटर पाहा. आकडा खरंच जागचा हलला नसेल, तर तापमान 22-24 अंशांवर आणा, जोरात ढवळा आणि वर सांगितलं तसं ईसी-1118 चं नवं विरजण करा. या वेळी रस विरजणात थोडा थोडा घालत जा. अख्ख्या बादलीत नवं यीस्ट नुसतं शिंपडलं तर पहिल्या यीस्टचं झालं तेच त्याचं होतं.

बरणीत

सहा ते आठ दिवसांत आकडा 1.020 ते 1.010 वर येतो. पिशवी उचला आणि बादलीवर निथळू द्या. शेवटी हलक्या हाताने दाबा. जीव खाऊन पिळलं की गाळ आणि कडू तुरटपणा उतरतो. सायफनने वाइन बरणीत घ्या. नळीचं टोक बरणीच्या तळाशी ठेवा, म्हणजे धार पडून हवा मिसळणार नाही. एअरलॉक लावा. उरलेली वाइन लहान बाटलीत, तिलाही एअरलॉक. पुढे बरणी गळ्यापर्यंत भरलेली ठेवायला ती लागेल.

बरणी हवा खेळती असलेल्या, अंधाऱ्या जागी ठेवा. प्रकाशाने रंग उडतो. झाकण कधीही घट्ट बंद करू नका. वायू कोंडला तर काच फुटते.

तीन-चार आठवड्यांत आकडा 1.000 च्या खाली जातो, बहुधा 0.995 च्या आसपास. अल्कोहोल किती झालं हे काढायला सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करा आणि 131.25 ने गुणा: 1.085 मधून 0.995 गेले 0.090, म्हणजे सुमारे 11.8 टक्के. तळाशी जांभळट गाळाचा थर दिसेल, ते मेलेलं यीस्ट. त्यावरून वाइन काढून स्वच्छ बरणीत घ्या, एक कॅम्पडेन गोळी कुटून घाला, बरणी पुन्हा गळ्यापर्यंत भरा. नंतर दर दोन महिन्यांनी असंच निथळून घ्यायचं, एकाआड एक वेळेला गोळी. तीन ते सहा महिन्यांत वाइन इतकी नितळ होते, की बरणीमागे विजेरी धरली तर उजेडाचा ठिपका स्वच्छ लाल दिसतो.

या काळात चव घेतलीत तर निराशा होईल. दोन महिन्यांची ब्लूबेरी वाइन आंबट, तीक्ष्ण आणि फळाचा वास हरवलेली लागते. ती बिघडलेली नसते. फळ सहा-आठ महिन्यांनी परत येतं.

गोडवा आणि बाटल्या

पूर्ण कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली, ब्लूबेरी वाइन मला थोडी रोडकी वाटते. लिटरमागे 10 ते 15 ग्रॅम साखर घातली की फळ उघडतं. पण नुसती साखर घातली तर उरलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं आणि बंद बाटलीत वायू साठून ती फुटू शकते. म्हणून वाइन नितळ झाल्यावर आधी अर्धा छोटा चमचा पोटॅशियम सॉर्बेट आणि एक कॅम्पडेन गोळी घाला, दोन-तीन दिवसांनी साखर, आणि मग दोन आठवडे एअरलॉकखालीच ठेवा. आकडा तिळभरही उतरला नाही तरच बाटल्या भरा. सॉर्बेट चालू आंबणं थांबवत नाही, फक्त यीस्टला नव्याने वाढू देत नाही. त्यामुळे गढूळ, फसफसत्या वाइनमध्ये ते घालून उपयोग नाही. साखर न घालता कोरडीच ठेवणार असाल तर सॉर्बेटची गरज नाही.

बाटल्या निर्जंतुक करून सायफनने तळापासून भरा. बूच आणि वाइन यांच्यात दोनेक सेंटिमीटर जागा ठेवा. बूच लावल्यावर तीन दिवस बाटल्या उभ्या, मग आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. 12 ते 15 अंशांची अंधारी जागा सर्वात चांगली. निदान रोज तापणारी-गार होणारी जागा टाळा.

प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावा: बाटली भरल्याची तारीख, सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा, यीस्टचं नाव, किती साखर घातली. पहिली बाटली सहा महिन्यांनी उघडा, दुसरी वर्षाने, आणि दोन्ही वेळा चवीबद्दल दोन ओळी एका वहीत लिहा. पुढच्या खेपेला फळ वाढवायचं की आम्ल कमी करायचं, ते त्या ओळींवरून ठरवता येतं.